मोडीचे मोल आणि हौसेचे मोल : जुन्या नाण्यांच्या वाढाव्याचा ऐतिहासिक विचार

सन १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमात एक लहानसे कलम आहे. जमिनीत सापडलेला निधी सरकारला स्वतःकडे ठेवून घ्यावयाचा असेल तर त्यातील धातूची किंमत आणि तिच्यावर त्या किंमतीचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम हक्कदारांस देऊन तो घेता येईल, असे त्या सोळाव्या कलमाचे तात्पर्य. कायद्याच्या दृष्टीने ही केवळ हिशेबाची तजवीज होय. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या कलमाजवळ थोडे थांबावे लागते. जुन्या नाण्याच्या ठायी धातूपलीकडे जे काही असते त्याची किंमत शेकडा वीस, असा निवाडा एका राज्यसत्तेने येथे देऊन टाकला आहे. हा निवाडा कितपत बरोबर होता आणि त्याचे परिणाम आपल्या शास्त्रावर काय झाले, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

नाण्यातील धातूच्या बाजारभावाला आपण मोडीचे मोल म्हणू. चलनात असताना त्याचे जे दर्शनी मूल्य, ते निराळे. या दोहोंहून वेगळी आणि बहुधा दोहोंहून मोठी अशी एक तिसरी किंमत असते. कोणी एखादा मनुष्य केवळ ते नाणे आपल्याजवळ असावे, हातात घेऊन पाहता यावे, एवढ्यासाठी ती देतो. मोडीच्या मोलावर अशा रीतीने दिल्या जाणाऱ्या जादा रकमेस प्रस्तुत निबंधात ‘वाढावा’ हा आपल्या जमाखर्चातील जुना शब्द योजला आहे. नाणकशास्त्राच्या ग्रंथांत या वाढाव्याचा विचार सहसा आढळत नाही. तो लिलावाच्या यादीचा विषय, अभ्यासकाचा नव्हे, असे मानण्याची रूढी आहे. ही रूढी मला सदोष वाटते. वाढाव्यामुळे नाणी वाचली, वाढाव्यामुळेच ती विखुरली आणि वाढाव्यामुळेच त्यांची खोटी भावंडे जन्मास आली. तेव्हा ज्याला साधनांची चिकित्सा करावयाची आहे त्याला हा विषय टाळून चालणार नाही.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, पेढीवरच्या व्यवहारात जुनेपणा हा गुण नसून दोष होता. बंगालमध्ये अठराव्या शतकात चालू वर्षाच्या छापाचा तो ‘सिक्का’ रुपया, आणि वर्षे उलटली की तोच रुपया ‘सनवात’ ठरे. पहिल्या वर्षी शंभर सिक्क्यांचे हिशेबी चलनातील एकशे सोळा रुपये होत, दुसऱ्या वर्षी एकशे तेरा, आणि पुढे एकशे अकरा. जेम्स स्टुअर्ट याने १७७२ साली बंगालच्या चलनावर जो ग्रंथ लिहिला त्यात हा क्रम दिलेला आहे. नाण्यात चांदी तेवढीच, कसही तोच. तारीख जुनी झाली एवढाच त्याचा अपराध. पुढे कंपनी सरकारने शहाआलम बादशहाच्या एकोणिसाव्या जुलूसी वर्षाचा आकडाच छापावर कायम गोठवून टाकला आणि ही तक्रार मिटविली. आमच्याकडे दख्खनमध्ये अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा नाना तऱ्हांच्या रुपयांचा बाजार होता आणि प्रत्येकावरील बट्टा निराळा. तो ठरविणारा सराफ नाणे बोटांत फिरवी, वाजवून पाही, कस घेई. त्यावरील अक्षरांत त्याला रस होता तो फक्त टांकसाळ ओळखण्यापुरता. जुन्या नाण्याला बट्टा लावणारा सराफ आणि जुन्या नाण्याला वाढावा देणारा शोकीन हे एकाच वस्तूकडे दोन उलट दिशांनी पाहात असतात. एकाच्या लेखी काळ नाण्यातून काहीतरी वजा करतो, दुसऱ्याच्या लेखी तोच काळ त्यात भर घालतो.

ही दुसरी दृष्टी अर्वाचीन युरोपात उपजली, असा एक समज आहे. तो खरा नाही. ऑगस्टस सीझरच्या चरित्रात स्वेटोनियस सांगतो की, सॅटर्नेलियाच्या सणात तो ज्या भेटी वाटी त्यांत कधी वस्त्रे, सोने-चांदी असे, तर कधी तऱ्हेतऱ्हेची नाणी असत आणि त्यांत पूर्वीच्या राजांची व परदेशची जुनी नाणीही असत. रोमच्या सर्वसत्ताधीशाने भेट द्यावी ती चालत्या नाण्यांची थैली नव्हे, तर बाजारात न चालणारी जुनी मुद्रा, याचा अर्थ उघड आहे. घेणाराला तिचे काहीतरी कौतुक होते. परंतु याहूनही मार्मिक साक्ष थोरल्या प्लिनीची आहे. आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या तेहेतिसाव्या खंडात धातूंचा विचार करताना तो म्हणतो की, नाणेपारखीच्या विद्येत दोषांचाच अभ्यास केला जातो; खोट्या देनारियसचा नमुना लोक न्याहाळून पाहतात, आणि एका खोट्या नाण्यासाठी अनेक खरी नाणी मोजतात.

प्लिनीच्या या एका वाक्यात आपल्या विषयाची सारी गुंतागुंत आली आहे. ज्या नाण्यात चांदी कमी, जे चालविणे गुन्हा, त्याच नाण्यासाठी शुद्ध चांदीची अनेक नाणी देणारे लोक पहिल्या शतकात रोममध्ये होते. त्यांना वेड्यांत काढण्याचे कारण नाही. त्यांतील काहींचा हेतू शिक्षणाचा असेल; खोटे ओळखावयाचे तर खोटे हाताशी हवे. तथापि बनावटीतील कौशल्य पाहून होणारा आनंद हाही त्यात नसेलच असे म्हणवत नाही. प्लिनीच्या सुरात किंचित तिरकसपणा आहे. पण त्याने वस्तुस्थिती टिपून ठेवली, याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. वाढावा हा धातूच्या शुद्धतेवर अवलंबून नसतो, किंबहुना तो कधी कधी अशुद्धतेवरच अवलंबून असतो, हे त्यावरून निर्विवाद ठरते.

युरोपातील पुढील इतिहास सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. कवी पेत्रार्क याने १३५४ मध्ये मांतुआ येथे सम्राट चौथा चार्ल्स यास रोमन सम्राटांची नाणी नजर केली आणि त्या पूर्वजांचे अनुकरण करावे असा उपदेशही केला, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या वाचनात आलेली असते. पेत्रार्कचा हेतू नैतिक होता. त्याच्यानंतर ज्यांनी हा छंद धरला त्यांचा हेतू इतका उदात्त राहिला नाही, आणि मागणी वाढली तसे कारागीर पुढे सरसावले. सोळाव्या शतकात पादुआच्या काव्हिनोने रोमन नाण्यांच्या धर्तीवर इतक्या सुबक मुद्रा पाडल्या की आज त्या ‘पादुअन’ या नावाने स्वतंत्रपणे संग्रहिल्या जातात. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) याची कथा तर आणखी गमतीची आहे. नव्याने पाडलेली ‘प्राचीन’ नाणी लोखंडाच्या किसाने भरलेल्या पेटीत घालून ती पेटी तो आपल्या घोडागाडीला बांधी आणि रस्त्याच्या धक्क्यांनी नाण्यांना म्हातारपण आणी, अशी आख्यायिका आहे. बेकरच्या नाण्यांनाही आता चांगली किंमत येते! प्लिनी असता तर त्याला याचे नवल वाटले नसते.

वाढाव्याचे प्रमाण किती असू शकते, हे दाखविणारे एक उदाहरण आपल्या अभ्यासक्षेत्रातील आहे. बाल्हिकाचा यवन राजा युक्रेटायडीस याचे वीस स्टेटरचे सुवर्णनाणे बुखारा येथून युरोपात आले आणि १८६७ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या वतीने पॅरिसच्या राजकीय ग्रंथालयातील संग्रहासाठी ते विकत घेण्यात आले. त्याचे वजन सुमारे १६९ ग्रॅम असून प्राचीन काळचे एवढे मोठे सोन्याचे नाणे दुसरे उपलब्ध नाही. त्यासाठी तीस हजार फ्रँक मोजले गेले असे नमूद आहे. त्या काळच्या वीस फ्रँकच्या नाण्यात सुमारे ५.८ ग्रॅम शुद्ध सोने असे. या प्रमाणाने हिशेब केल्यास युक्रेटायडीसच्या नाण्यातील सोन्याची किंमत, ते पूर्ण शुद्ध धरले तरी, सुमारे ५८० फ्रँक भरते. म्हणजे दिलेली किंमत मोडीच्या पन्नासपटीहून अधिक झाली. ही खरेदी झाल्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी आमच्याकडील कायद्याने वाढाव्याचे प्रमाण धातूच्या एक-पंचमांश ठरविले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अर्थात हे राजेरजवाड्यांचे उदाहरण झाले. हिंदुस्थानात राजाने स्वतःच्या हौसेसाठी नाणे पाडावे आणि पुढे इतरांनी त्यासाठी हौसेने किंमत द्यावी, याचे उत्तम उदाहरण जहांगीरच्या राशिमुद्रांचे होय. राज्यारोहणाच्या तेराव्या वर्षी, इ. स. १६१८ मध्ये, बादशहाचा मुक्काम गुजरातेत असताना त्याच्या मनात आले की, नाण्यावर महिन्याचे नाव घालण्याऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र घालावे. फर्वर्दीनला मेंढा, त्यापुढील महिन्याला बैल, याप्रमाणे. ही आपलीच कल्पना असून पूर्वी कोणी असे केले नव्हते, हे तो आपल्या आत्मवृत्तात प्रौढीने नमूद करतो. अहमदाबादचे रुपये आणि आग्ऱ्याच्या मोहोरा या मालिकेत प्रामुख्याने येतात. चलनाच्या दृष्टीने या बदलाचा काहीएक उपयोग नव्हता. तो निव्वळ आनंदाचा भाग होता.

पुढे या मुद्रांभोवती जी कथा रचली गेली ती वाढाव्याच्या इतिहासात महत्त्वाची आहे. फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याच्या १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात असे सांगितले आहे की, नूरजहान बेगमेने एक दिवसाचे राज्य मागून घेतले आणि त्या दिवसात बारा राशींची नाणी पाडून घेतली. पुढे शाहजहानने ती वितळविण्याचा हुकूम काढला, म्हणून ती दुर्मिळ झाली. यातील एक दिवसाच्या राज्याचा भाग आत्मवृत्ताच्या पुराव्यापुढे टिकत नाही. नूरजहानच्या नावाची नाणी आहेत, पण ती निराळी. तरीही व्यापाऱ्याच्या कानावर ही कथा का यावी? माझे उत्तर असे की, नाण्याला वाढावा मिळू लागला की त्याला कथेची गरज भासते आणि कथा मिळाली की वाढावा आणखी चढतो. युरोपात राशिमुद्रांचा संपूर्ण बारांचा संच जमविणे ही संग्राहकांची मोठी ईर्षा होऊन बसली आणि संच पुरे करून देण्यासाठी नकली राशिमुद्राही तयार झाल्या. आज एखाद्या संग्रहातील राशिमुद्रा पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी तिची कसून परीक्षा करावी लागते, ती या हौसेची फलश्रुती आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे संग्राहक हा शब्द रूढ होण्यापूर्वी कित्येक शतके सामान्य गृहस्थ नाण्यासाठी वाढावा देत होता, आणि तो देत होता घरातील स्त्रियांच्या गळ्यासाठी. व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे १२८४ मध्ये प्रथम पाडले गेले आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे असे जसेच्या तसे चालू राहिले. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस तारकांच्या वलयात ख्रिस्ताची उभी आकृती. अरबी समुद्रावरील व्यापारातून हे नाणे आमच्या किनाऱ्यावर आले. आमच्या लोकांना त्यावरील लॅटिन अक्षरे वाचता येत नव्हती, येण्याची गरजही नव्हती. त्यांनी त्यावरील आकृती पाहिल्या आणि नाण्याचे नाव ठेवले ‘पुतळी’. पेशवाईतील जमाखर्चात पुतळ्यांचे उल्लेख आढळतात ते सोन्याचे नाणे म्हणून. आणि घराघरांत ती गेली ती कडी डाकून, रेशमात गाठून, पुतळ्यांच्या माळेच्या रूपाने.

या माळेचा अर्थशास्त्रीय विचार करण्यासारखा आहे. पुतळी सोन्यासाठी घेतली जात होती हे खरे, आणि तिच्या कसावर लोकांचा विश्वास होता हेही खरे. पण केवळ सोनेच हवे असते तर सोनाराकडून मणी घडवून घेता आले असते. माळेला पुतळीच हवी, असा आग्रह झाला तेव्हा आकृतीला मोल आले. याचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे या देशात झालेल्या डुकाटच्या नकला. त्यांवरील अक्षरे निरर्थक झालेली आहेत, संताचा चेहरा ओळखू येत नाही, अधिपतीची काठी कशाची आहे ते कळत नाही. परंतु सोने मात्र बहुधा चांगले असते. ही नक्कल फसविण्यासाठी नव्हती, शोभेसाठी होती. पुढे तर पुतळी हे नाण्याचे नाव न राहता दागिन्यातील चकतीचे नाव झाले आणि तिच्यावर लक्ष्मी येऊन बसली. व्हेनिसचा संत ते कमलासना लक्ष्मी हा प्रवास एखाद्या मूर्तिशास्त्रज्ञाने सविस्तर लिहावा असा आहे.

हीच गोष्ट त्यापूर्वी दीड सहस्र वर्षे घडून गेली होती. रोमन नाण्यांवरून साच्यांत काढलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या तेलंगणातील कोंडापूर, धाराशिव जिल्ह्यातील तेर अशा सातवाहनकालीन स्थळी सापडल्या आहेत. त्यांवर तिबेरियस सम्राटाच्या नाण्याचे ठसे ओळखू येतात, आणि पुष्कळांना अडकविण्यासाठी भोक किंवा नाके असते. मातीला मोडीचे मोल नाही. तेव्हा तेरच्या कोणा स्त्रीने ही चकती गळ्यात घातली ती केवळ त्या आकृतीच्या हौसेने, किंवा सोन्याचे अस्सल नाणे परवडत नव्हते म्हणून त्याच्या प्रतिमेवर समाधान मानून. दोन्ही अर्थ घेतले तरी निष्कर्ष एकच निघतो. नाण्याची आकृती ही धातूपासून सुटी होऊन स्वतंत्रपणे हवीशी वाटू लागली होती.

येथे आपल्या वर्णनपद्धतीविषयी थोडे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. संग्रहांच्या नोंदवह्यांत भोक पाडलेल्या किंवा कडी लावलेल्या नाण्यापुढे ‘सदोष’, ‘छिद्रित’, ‘खराब’ असे शेरे पडतात आणि चांगला नमुना मिळाला की असे नाणे मागे सारले जाते. देवघरातील होन किंवा शिवराई यांचेही तेच. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवलेले, दरवर्षी चिंचेने घासून लख्ख केलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने वाया गेलेले असते; त्याच्यावरील जुनी झाक उडालेली, अक्षरे गुळगुळीत झालेली, फटींत हळदकुंकू बसलेले. परंतु ती झीज हाच एक लेख आहे. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे धारण करणारा पावणेतीन ग्रॅमांच्या आसपास वजनाचा तो होन एखाद्या घराण्याने मोडला नाही, गहाणवट अडली असताना आणि दुष्काळ पडले असतानाही मोडला नाही, यापेक्षा मोठा वाढावा कोणता? लिलावात दिलेला वाढावा आकड्यांत दिसतो. हा मात्र न घेतलेल्या पैशाच्या रूपाने असतो, म्हणून आपल्या हिशेबात तो येत नाही.

वाढाव्यामुळे इतिहासाचा लाभ झाला की हानी, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणे शक्य नाही. दोन्ही बाजूंची उदाहरणे पाहिली पाहिजेत.

चार्ल्स मॅसन हा कंपनीच्या फौजेतून पळालेला गोलंदाज. खरे नाव जेम्स लुईस. १८३३ पासून काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे त्याने नाणी जमविण्यास प्रारंभ केला आणि लवकरच कंपनी सरकारने त्याला पैसा पुरविला. त्यापूर्वी त्या मैदानात मेंढपाळांना सापडणारी तांब्याची नाणी काबूलच्या टांकसाळीत किंवा चारिकार व काबूल येथील तांबटांच्या भट्टीत जात. किती पिढ्या हे चालले होते कोण जाणे. मॅसनने तांबटापेक्षा अधिक भाव दिला, एवढीच त्याची युक्ती. त्या भावामुळे हजारोंनी नाणी भट्टीऐवजी त्याच्या थैलीत आली. त्यांत एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस अपरिचित लिपी असलेली नाणी होती, आणि दोन्ही बाजूंची नावे व बिरुदे एकच असावीत हे त्याच्या ध्यानात आले. कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपने हा धागा धरून खरोष्ठीच्या वाचनास हात घातला. तांबटाचा भाव आणि मॅसनचा भाव यांतील फरक काही पैशांचा असेल. त्या फरकावर एक लिपी वाचली गेली.

पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. जुनागडात जन्मलेले आणि मुंबईत कार्य केलेले हे विद्वान श्रीमंत नव्हते. तरी पश्चिमी क्षत्रपांची नाणी त्यांनी मिळेल तेथून मिळविली. क्षत्रपांच्या चांदीच्या लहान नाण्यांवर राजाच्या नावाबरोबर पित्याचे नाव आणि बहुधा शकवर्ष असते. म्हणून एकेका नव्या नाण्याने वंशावळीतील एकेक जागा भरत जाते. बाजारात ज्या नाण्याला चार आण्यांची चांदी म्हणून मोल, ते त्यांच्या लेखी एका राजाचा जन्मदाखला होते. त्यांचा क्षत्रपांवरील निबंध मृत्यूनंतर रॅप्सनने १८९० मध्ये प्रसिद्ध केला आणि संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. त्यांना या कामात आनंद होत होता की ते केवळ कर्तव्य करीत होते, हा भेद मला कृत्रिम वाटतो.

दुसरी बाजू जोगळटेंभीच्या निधीने दाखविता येते. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड निधी सापडला. एकूण नाणी तेरा हजारांहून अधिक; त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांची परीक्षा करून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात वृत्तान्त दिला. नहपानाची सत्ता मोडून गौतमीपुत्राने तिची जागा घेतली, हा निष्कर्ष त्या निधीने दृढ केला, हे आपण पदवीच्या वर्गातच शिकलेलो असतो. परंतु तो निष्कर्ष एका नाण्यावर उभा नाही. पुनर्मुद्रित आणि अस्पर्शित नाण्यांचे प्रमाण आणि एकाच नावाखाली दिसणाऱ्या निरनिराळ्या चेहऱ्यांचा प्रश्न, या गोष्टी निधी एकत्र होता म्हणूनच उपस्थित होऊ शकल्या. समजा, तो निधी प्रथम एखाद्या दर्दी गिऱ्हाइकाच्या हाती पडला असता. त्याने काय निवडले असते? स्वच्छ मुखवटा, पुरी अक्षरे, एकही दुसरा छाप न पडलेले नहपानाचे नाणे. ज्यावर सातकर्णीचा चैत्य नहपानाच्या नाकावर आडवा बसला आहे, असे नाणे पाहावयास कुरूपच दिसते. ते मोडीत गेले असते, आणि त्याबरोबर सातवाहन इतिहासाचे एक पान.

म्हणजे हौसेची रुची आणि इतिहासाची गरज यांत विरोध आहे तो येथे. किंमत अधिक दिली जाते यात अनिष्ट काही नाही. पण ती निवडक नाण्यास दिली जाते आणि ती देताना नाणे आपल्या सोबत्यांपासून तुटते. सुट्या नाण्याची अक्षरे राहतात, परंतु ते कोठे, कशात, कोणाबरोबर पुरले होते, हे कायमचे जाते.

आता पुन्हा सोळाव्या कलमाकडे येऊ. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी, असे बंधन त्याच कायद्याने घातले. वर्दी देणाऱ्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. सोन्याचा निधी असेल तर सोनार धातूची किंमत देईल आणि तोंड बंद ठेवील; सरकार एक-पंचमांश अधिक देईल, पण चौकशी, पंचनामा, जागामालकाचा दावा, तारखा हे सारे त्यामागून येईल. आणि सातवाहनांची नाणी तर पुष्कळशी शिशाची, पोटीनची किंवा तांब्याची. शिशाच्या नाण्यात धातू तो केवढा आणि त्याचा पाचवा हिस्सा तो केवढा! महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे जे सर्वांत महत्त्वाचे नाणे, त्याला कायद्याने दिलेला वाढावा जवळजवळ शून्य आहे. मग ते आठवड्याच्या बाजारात वजनावर विकले गेले किंवा भटक्या दलालाने चार पैसे जास्त देऊन नेले, तर दोष कोणाला द्यावा? दलालाने निदान मोडीपेक्षा अधिक मोल केले. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांच्या निर्यातीस व व्यापारास आळा घातला, तो आवश्यकच होता. पण त्याने नाणे देशाबाहेर जाण्याचे थांबेल, भट्टीत जाण्याचे नव्हे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या निधिविषयक कायद्यान्वये संग्रहालयाने निधी घेतल्यास सापडविणाऱ्यास पूर्ण बाजारभावाने मोबदला देण्याची व्यवस्था आहे. तिच्यातही दोष आहेत. तथापि हौसेचे मोल अस्तित्वात आहे, हे मान्य करून ती रचली आहे, आणि आमच्या १८७८ च्या कलमाने ते मान्य केले नाही, हा दोहोंतील मुख्य फरक होय.

शासनाला हे मोल ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींतून संग्राहकांच्या मागणीनुसार जुन्या छापांवरून पुन्हा नाणी पाडून देण्याची प्रथा होती. ती १९७० मध्ये बंद झाली. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक-नाणे निघाले आणि पुढे अशा नाण्यांचे खास संच दर्शनी किंमतीहून अधिक दराने विकण्याची पद्धत सुरू झाली. विकताना शासन वाढावा घेते. घेताना त्याने तो धातूच्या पाचव्या हिश्श्यावर थांबविला होता.

विद्यार्थिदशेत पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक दुदांडी शिवराई विकत घेतली होती. तशा शिवराया तेव्हा वजनावर मिळत. विक्रेत्याने माझा चेहरा ओळखून तिप्पट किंमत सांगितली आणि मी ती दिली. तिच्या कडेला एक बारीक भोक आहे. त्या वेळी मला ते व्यंग वाटले आणि फसलो असे मनात आले. पुढे पाहिले तेव्हा भोकाची वरची कड दोऱ्याने झिजलेली दिसली आणि ‘छत्र’ ही अक्षरे ‘पति’च्या मानाने फार गुळगुळीत आढळली. म्हणजे ती कोणाच्या तरी अंगावर, बहुधा लहान मुलाच्या कमरेला किंवा गळ्यात, एका बाजूने त्वचेला लागून बरीच वर्षे होती. पुढील वर्षी विभागातील नाण्यांची फेरनोंद व्हावयाची आहे. तीत वजन, व्यास, धातू आणि लेख यांच्या रकान्यांबरोबर भोक, कडी, डाक, घासणी आणि झिजेची बाजू यांसाठी एक स्वतंत्र रकाना असावा, अशी सूचना मी केली आहे, आणि मागे ‘सदोष’ म्हणून वेगळ्या काढलेल्या नाण्यांपासून ती नोंद सुरू करावी, असे सुचविले आहे.